दूसरा नाही, कॅरम बॉल नाही. मग नॅथन लायनने पाचशेच्या पुढे बळी घेतले कसे?

प्रश्न एका पालकांचा आहे. मुलगा १५ वर्षांचा, ऑफस्पिन टाकतो. क्लबमध्ये त्याला सांगतात की साध्या ऑफब्रेकचे (उजव्या फलंदाजाला बाहेरून आत वळणाऱ्या चेंडूचे) दिवस संपले, काहीतरी 'मिस्ट्री' शिकून घे, म्हणजे दूसरा (त्याच हालचालीत उलट बाजूला वळणारा चेंडू) किंवा कॅरम बॉलसारखं फलंदाजाला न कळणारं काही. मुलाचा आवडता गोलंदाज मात्र ऑस्ट्रेलियाचा ऑफस्पिनर नॅथन लायन. लायनकडे तर मिस्ट्री अशी काहीच दिसत नाही. मग त्याची कारकीर्द एवढी मोठी कशी झाली, आणि मुलाने त्याच्याकडून नेमकं काय उचलावं?

फिरकी शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडांतून ऐकलेला आहे. आधी थेट उत्तर देतो. लायन फलंदाजाला वळणापेक्षा उसळीने जास्त मारतो. टीव्हीवर आपण चेंडू किती वळला ते बघत बसतो, कारण ते डोळ्यांना दिसतं. लायनचा चेंडू जे करतो ते वर-खाली करतो: हवेत आधी उंच जातो, मग अचानक खाली बुडतो आणि टप्पा पडल्यावर अपेक्षेपेक्षा जास्त उठतो. त्याची सगळी कारकीर्द या एका चेंडूवर उभी आहे. तो एक चेंडू घडायला, आणि त्याच्यावर निवड समितीचा विश्वास बसायला किती वेळ लागला, ही खरी गोष्ट आहे.

ऑस्ट्रेलियाचा लेगस्पिनर शेन वॉर्न जानेवारी २००७ मध्ये निवृत्त झाला. त्यानंतरची चार-साडेचार वर्षं ऑस्ट्रेलियाने फिरकीपटूंच्या बाबतीत अक्षरशः रांग लावली होती. स्टुअर्ट मॅकगिल दुखापतींनी थकला. ब्रॅड हॉग, बो कॅसन, कॅमेरॉन व्हाइट, नॅथन हॉरिट्झ, ब्राइस मॅकगेन, झेवियर डोहर्टी, मायकेल बीअर अशी नावं येत गेली आणि जात गेली. २०१० मध्ये लॉर्ड्सवर एक लेगस्पिनर आठव्या क्रमांकावर फलंदाजी करत पदार्पणाला आला, त्याचं नाव स्टीव्ह स्मिथ. मॅकगेनला केपटाऊनच्या एकमेव कसोटीत १४९ धावा देऊन एकही बळी मिळाला नाही आणि त्याचं दार तिथेच बंद झालं. सगळ्यात चटका लावणारं उदाहरण आपल्या नागपूरचं. २००८ मध्ये जामठ्याला जेसन क्रेझा या ऑफस्पिनरने पदार्पणातच पहिल्या डावात ८ आणि सामन्यात १२ बळी घेतले. धावा ३५८ दिल्या हे खरं, पण समोर सेहवाग, तेंडुलकर, लक्ष्मण, गांगुली होते. त्यानंतर क्रेझा पर्थला आणखी एक कसोटी खेळला आणि संपला. १२ बळींनी पदार्पण करणाऱ्या माणसाला पुढे दोन महिनेही धीर दाखवला गेला नाही. लायन आला तो या धांदलीत.

तो न्यू साउथ वेल्समधल्या यंग नावाच्या छोट्या गावचा. कॅनबेराला मनुका ओव्हलवर मैदान-कर्मचारी म्हणून खेळपट्टीचं काम शिकला आणि २०१० मध्ये त्याच कामासाठी ॲडलेड ओव्हलला गेला. रोलर फिरवायचा, खेळपट्टीला पाणी द्यायचं, आणि सवड मिळाली की नेटमध्ये चेंडू टाकायचे. साउथ ऑस्ट्रेलियाचा प्रशिक्षक डॅरेन बेरी याने तिथेच त्याला हेरलं आणि थेट टी-२० संघात खेळवलं. म्हणजे ज्याला आज आपण फक्त कसोटीचा गोलंदाज म्हणतो, त्याच्यासाठी दार उघडलं ते २० षटकांच्या खेळाने. काही महिन्यांत, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके प्रथम श्रेणी सामने खेळून, तो ३१ ऑगस्ट २०११ रोजी श्रीलंकेत गॉलला कसोटीत उतरला. पहिलाच चेंडू, समोर कुमार संगकारा. राउंड द विकेट टाकलेला चेंडू बाहेर वळला आणि उठला, बॅटची कड लागली, स्लिपमध्ये मायकेल क्लार्कने झेल घेतला. त्या डावात ३४ धावांत ५ बळी.

इथवर परीकथा आहे. मुलाला हा भाग सांगाच, पण याच्यावर थांबू नका, कारण पुढची दोन वर्षं जास्त शिकवणारी आहेत.

नोव्हेंबर २०१२, ॲडलेड. शेवटच्या दिवशी दक्षिण आफ्रिकेला गुंडाळायचं होतं. फाफ ड्यू प्लेसी पदार्पणातच ठाण मांडून बसला. लायनने एका डावात ५० षटकं टाकली, फारशा धावा दिल्या नाहीत, पण सामना अनिर्णित सुटला. चौथ्या डावात फिरकीपटूने सामना जिंकून द्यायचा असतो असं सगळे म्हणाले, आणि चूकही नव्हतं ते. मग २०१३ चा भारत दौरा. चेन्नईत धोनीने २२४ ठोकल्या, लायनने २१५ धावांत ३ बळी घेतले आणि पुढच्या कसोटीत तो बाहेर. त्यानंतर मोहालीत परतला आणि दिल्लीच्या शेवटच्या कसोटीत एका डावात ७ बळी घेतले. एवढं करूनही इंग्लंडला गेल्यावर ॲशेसच्या पहिल्या कसोटीत त्याच्या जागी १९ वर्षांचा ॲश्टन अगर आला. अगरने अकराव्या क्रमांकावर येऊन ९८ केल्या, त्यामुळे बाहेर बसलेल्या लायनची चर्चा करायला कोणी शिल्लकच राहिलं नाही.

तिसऱ्या कसोटीत, ओल्ड ट्रॅफर्डला, लायन परत आला. तिथून पुढे सलग १०० कसोटी. २०२३ मध्ये लॉर्ड्सवर क्षेत्ररक्षण करताना पोटरी गेली तेव्हाच ती साखळी तुटली. निव्वळ गोलंदाज म्हणून सलग १०० कसोटी खेळणारा तो पहिलाच. हा आकडा मला त्याच्या बळींच्या आकड्यापेक्षा मोठा वाटतो. संघातली जागा पक्की आहे हे कळल्यावर फिरकीपटूचा हात मोकळा होतो. धावांच्या भीतीने तो चेंडू सपाट टाकत नाही.

आता मूळ मुद्दा, हाताचा.

ऑफस्पिनर चेंडू बोटांनी फिरवतो, पण ती फिरकी कुठल्या दिशेला दिली यावर सगळं ठरतं. चेंडू सुटताना शिवण स्क्वेअर लेगकडे बघत असेल तर फिरकी बहुतांशी आडवी आहे. असा चेंडू धरणाऱ्या खेळपट्टीवर खूप वळतो आणि पाटा खेळपट्टीवर नुसता घसरत जातो. शिवण फाइन लेगकडे, लेग स्लिपकडे झुकली तर फिरकीत पुढे जाणारा भाग वाढतो. याला कोचिंगमध्ये ओव्हरस्पिन म्हणतात. पुढच्या दिशेने फिरणाऱ्या चेंडूला हवा खाली दाबते, त्यामुळे तो फलंदाजाच्या अंदाजाच्या आधीच पडतो. फलंदाजाला वाटतं हाफ व्हॉली (पायाजवळ पडणारा सोपा चेंडू) आहे, तो पाय पुढे टाकतो, आणि चेंडू त्याच्या पायापर्यंत पोचण्याआधी हातभर अंतरावरच टप्पा घेऊन ग्लोव्हजवर येतो. शॉर्ट लेग आणि सिली पॉइंट, म्हणजे बॅटच्या अगदी जवळ उभे राहणारे क्षेत्ररक्षक, हे लायनचे खरे भागीदार का आहेत, हे यातून कळेल. त्याचे बळी बघताना स्टंप्सकडे कमी बघा आणि बॅटच्या वरच्या भागाकडे जास्त बघा.

ऑस्ट्रेलियातल्या कडक, उसळत्या खेळपट्ट्यांवर पाहुण्या ऑफस्पिनरांचं काय होतं ते पाहा. मुरलीधरनसारखा ८०० बळींचा धनी, तिथे ५ कसोटींत १२ बळी, सरासरी ७५ च्या वर. इंग्लंडचा ग्रॅम स्वान २०१३-१४ च्या ॲशेसमध्ये आला तेव्हा जगातल्या सर्वोत्तम ऑफस्पिनरांपैकी एक होता. तीन कसोटींत ७ बळी, सरासरी ८०, आणि मालिका अर्धवट टाकून निवृत्ती. आपला अश्विन, एकूण ५३७ बळी, सरासरी २४. ऑस्ट्रेलियात मात्र ती चाळिशीच्या पुढे. लायनची कारकिर्दीची सरासरी ३० च्या आसपास आहे, म्हणून त्याला अश्विनच्या खाली ठेवण्याची आपल्याकडे घाई असते. अश्विन जास्त कल्पक गोलंदाज आहे, यात मला शंका नाही. पण ज्या मातीत इतरांचं हसं झालं तिथे लायनने निम्मी कारकीर्द काढली, हे सरासरीच्या रकान्यात दिसत नाही.

त्याला साथही मिळाली, हे सांगायला हवं. मिचेल जॉन्सन आणि मिचेल स्टार्क हे डावखुरे वेगवान गोलंदाज. ओव्हर द विकेट टाकताना त्यांचे बूट उजव्या फलंदाजाच्या ऑफ स्टंपबाहेर पडतात आणि तिथे खरबरीत पट्टा तयार होतो. ऑफस्पिनरला आणखी काय हवं? डिसेंबर २०१४ मध्ये ॲडलेडला भारत ३६४ चा पाठलाग करत होता. कोहली आणि विजय खेळत असताना धावफलक २ बाद २४२ होता आणि आपण सगळे जिंकल्यातच जमा होतो. ३१५ वर डाव संपला. लायनने दुसऱ्या डावात ७, सामन्यात १२ बळी घेतले. कोहलीला १४१ वर त्याने मिडविकेटला झेल द्यायला लावला. ज्या मैदानात दोन वर्षांपूर्वी शेवटच्या दिवशी हात रिकामे राहिले होते, तेच हे मैदान.

भारतात त्याने काय बदललं, हे तुमच्या मुलासाठी सगळ्यात कामाचं. ऑस्ट्रेलियात ऑफस्पिनर ऑफ स्टंपच्या बराच बाहेरून चेंडू आत आणतो, कारण उसळी असते आणि वेळ असतो. आपल्याकडे खेळपट्टी मंद, उसळी कमी. बाहेर टाकलेला चेंडू फलंदाज मागे सरून आरामात लेगला ढकलतो. २०१३ मध्ये लायनचं चेन्नईत तेच झालं. २०१७ ला तो आला तेव्हा रेषा स्टंप्सच्या जवळ आली होती. बंगळुरूला पहिल्या दिवशी ५० धावांत ८ बळी, भारत सर्वबाद १८९. लंचच्या तोंडावर पुजारा शॉर्ट लेगला झेल देऊन गेला. कोहलीने चेंडू सोडायला बॅट उचलली आणि पायचीत झाला. रहाणे पुढे सरसावला, चेंडू अंदाजाआधी बुडाला, यष्टिचीत. एकाच गोलंदाजाच्या एकाच पद्धतीच्या चेंडूवर तीन नामांकित फलंदाज तीन वेगळ्या चुका करून गेले. भारतात पाहुण्या गोलंदाजाची ती तेव्हा सर्वोत्तम कामगिरी ठरली. पुढे २०२१ मध्ये वानखेडेवर मुंबईतच जन्मलेल्या एजाझ पटेलने डावातले दहाही घेऊन ती मागे टाकली.

(बंगळुरूची ती कसोटी भारतानेच जिंकली. त्याआधीची पुण्याची कसोटी ऑस्ट्रेलियाने जिंकली, पण तिथे १२ बळी स्टीव्ह ओकीफचे. लायनच्या कारकिर्दीत असं बऱ्याचदा झालेलं आहे.)

२०२३ चा दौरा याहून छान धडा आहे. नागपूरला पहिल्या डावात टॉड मर्फी या नवख्या ऑफस्पिनरने पदार्पणात ७ बळी घेतले, आणि लायनला १२६ धावांत एकच. दुसऱ्या टोकाकडून पोरगा गडी बाद करतोय आणि आपण कोरडे, हे पस्तिशीच्या माणसाला झोंबतं. त्याने मर्फीसारखं टाकायचा प्रयत्न केला नाही, आपलंच टाकत राहिला. इंदूरला दुसऱ्या डावात ६४ धावांत ८ बळी आले, ऑस्ट्रेलिया जिंकली. भारतात एकूण ११ कसोटींत ५६ बळी. चेतेश्वर पुजारासारख्या फिरकी उत्तम खेळणाऱ्या माणसाला त्याने डझनाहून अधिक वेळा बाद केलंय.

आता 'मिस्ट्री'चं. ऑस्ट्रेलियात २००९ मध्ये जुन्या फिरकीपटूंनी एकत्र बसून ठरवलं होतं की मुलांना 'दूसरा' शिकवायचा नाही, कारण कोपर न वाकवता तो टाकता येतो यावर त्यांचा विश्वास नव्हता. कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ झालं तर चेंडू अवैध. 'दूसरा'साठी ओळखला जाणारा पाकिस्तानचा सईद अजमल, त्याच्यावर २०१४ मध्ये बंदी आली आणि तो नंतर पूर्वीसारखा राहिला नाही. लायनने मध्यंतरी 'जेफ' नावाच्या एका गूढ चेंडूची हवा केली होती. फलंदाज त्याचा विचार करत राहिले, एवढंच त्याचं काम. १५ व्या वर्षी कोपर अजून घडतंय. त्या वयात 'दूसरा' शिकवणाऱ्यापासून मुलाला लांब ठेवा, हे मी अगदी स्पष्ट सांगतो. कॅरम बॉल बोटाने टिचकी मारून टाकतात, त्यात कोपराला धोका नाही, पण तो आत्ता शिकला तर मूळ चेंडूचा सराव तेवढा कमी होणार. १८ व्या वर्षी शिकू दे.

सरावाला काय करायचं? नेटमध्ये गोलंदाज आणि फलंदाज यांच्या मधोमध, फलंदाजाच्या डोळ्यांच्या उंचीच्या वर एक दोरी बांधा. चेंडू दोरीवरून गेला पाहिजे आणि तरी चांगल्या टप्प्यावर पडला पाहिजे. नुसता उंच टाकला तर तो फुलटॉस होईल. फिरकी पुढच्या दिशेला असेल तरच तो बुडेल. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये मागून शिवण बघा. फाइन लेगकडे झुकलेली दिसली की समजायचं, मार्ग बरोबर आहे. अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या लाल चेंडूने टाकलं तर फोनशिवायही दिसतं. आणि लायनचा पुढचा पाय बघा. छोटासाच रनअप, पण पुढच्या पायाच्या चवड्यावर अख्खं अंग फिरतं, मागचा पाय जोरात पुढे येतो. आपली बरीच मुलं खांद्याने टाकतात आणि पाय जागच्या जागी ठेवतात. मग चेंडूला जोर कुठून येणार? टेनिस बॉलवर हे शिकता येत नाही. शिवणीचा चेंडूच हवा.

मुलाला एक गोष्ट मात्र लायनकडून घेऊ देऊ नका: मैदानानुसार न बदलण्याचा हट्ट. तो हट्ट नाहीये, पण लांबून तसा वाटतो. मुंबईतल्या कांगा लीगच्या पावसाळी, ओल्या विकेटवर हवेत लटकवलेला चेंडू प्रेक्षकांत जाईल. तिथे वेग वाढवून आडवी फिरकीच द्यावी लागते, जडेजासारखी.

मनाच्या कणखरपणाबद्दल लोक फार बोलतात, मी थोडक्यात सांगतो. २०१९ मध्ये हेडिंग्लेला इंग्लंडला दोन धावा हव्या असताना लायनच्या हातून चेंडू निसटला आणि जॅक लीच धावबाद होता होता वाचला. पुढच्याच चेंडूवर स्टोक्सविरुद्ध पायचीतचं अपील फेटाळलं गेलं, ऑस्ट्रेलियाकडे रिव्ह्यू उरला नव्हता. सामना एका गड्याने गेला. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला त्याची शंभरावी कसोटी. ऋषभ पंतने ती आपल्याला जिंकून दिली आणि लायन ३९९ बळींवर अडकला. चारशेव्या बळीसाठी त्याच मैदानावर डिसेंबरपर्यंत थांबावं लागलं, डेव्हिड मलान. पाचशेवा पुन्हा एका डिसेंबरमध्ये, २०२३ ला पर्थवर, पोटरी बरी करून आल्यावर.

संधीचा वाटा किती, हेही मुलाला कळायला हरकत नाही. आपल्या पद्माकर शिवलकरांनी प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेतले आणि एकही कसोटी खेळली नाही, कारण त्याच काळात बिशनसिंग बेदी होते. लायनच्या पुढे वॉर्न असता तर तो कदाचित आजही ॲडलेडला रोलर फिरवत असता.

तुमची खरी काळजी आयपीएलची असेल, असा माझा अंदाज आहे, कारण आता प्रत्येक पालकाची ती असते. लायन ऑस्ट्रेलियाकडून टी-२० आंतरराष्ट्रीय सामने दोनच खेळला, एकदिवसीय २९, आणि आयपीएलमध्ये एकही नाही. त्याच्या वाटेने गेलं तर त्या बाजारात भाव मिळेलच असं नाही. पण साध्या ऑफब्रेकचा टप्पा बसलेला नसताना पाच प्रकार टाकणारी मुलं मी १९ वर्षांखालच्या निवड चाचणीत दरवर्षी बघतो आणि त्यांना पहिल्या तासात घरी पाठवलेलंही बघतो. या पावसाळ्यात मॅटिंगवर दोरी बांधून फक्त एकच चेंडू टाकू दे. दिवाळीनंतर टर्फवर गेला की शॉर्ट लेगला कोणालातरी उभं करा, हेल्मेट घालून, आणि झेल तिकडे जायला लागतात का ते बघा.